हैतीचं जेवण कुठे मिळेल

"तिला आवडतं ते आणा, काहीही चालेल," असं नर्सने मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं, तेव्हा आधी जरा बरंच वाटलं. निदान काहीतरी करायला मिळालं. तोवर मी रोज कामावरून सुटून यायचे, खुर्चीवर बसायचे आणि तिचा हात धरायचे, एवढंच. मग बस स्टॉपवर उभी राहिले आणि ध्यानात आलं. तिला आवडतं ते करणारी एकच बाई मला माहीत होती आणि ती आत बेडवर पडली होती.

मी तिला आंटी म्हणायचे. नात्याची कुणी नाही. ती हैतीची. हैती म्हणजे अमेरिकेच्या खाली समुद्रात एक बेट आहे, त्याचा एक तुकडा. हे मला तिच्याकडे राहायला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. भूगोलाचं पुस्तक हातात होतं म्हणा, पण मी आठवीतूनच घरी बसले, आणि आठवीपर्यंत तरी हैती काही आलं नव्हतं.

पुण्याहून लग्न होऊन लंडनला आले. ते लग्न टिकलं नाही, त्याबद्दल इथे लिहीत नाही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी घड्या करायचं काम करत होते आणि आंटी तिथे सुपरवायझर होती. एका संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर चेंजिंग रूममध्ये मी बॅग मांडीवर घेऊन बसून राहिले. कपड्यांची बॅग, डब्याची नव्हे. तिने बॅगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काय झालं, कुणी केलं, काही विचारलं नाही. "कम," म्हणाली आणि चालायला लागली. मी तिच्यामागे बसमध्ये चढले. तिच्या टॉटनहॅमच्या कौन्सिल फ्लॅटमध्ये, म्हणजे पालिकेच्या भाड्याच्या घरात, शिवणाची एक खोली होती. त्यातलं मशीन तिने भिंतीला सरकवलं आणि मी तिथे राहिले ती राहिलेच.

मग ती रिटायर झाली आणि आमच्या वेळा उलट्या झाल्या. मी पहाटे निघायचे तेव्हा ती झोपलेली. परत यायचे तेव्हा ओटा पुसलेला, भांडी जागेवर आणि टेबलावर माझं ताट, वर दुसरं ताट पालथं. मी ते उचलायचे आणि खाली काय काय असायचं! आंबट संत्र्याच्या रसात मुरवून तळलेलं डुकराचं मटण. चपटी करून दोनदा तळलेली कच्ची केळी. काळ्या मशरूमचा काळा भात, जो पहिल्यांदा बघून मला वाटलं की करपलाय. शेजारी कोबीचं लोणचं, इतकं तिखट की मी, पुण्याच्या वस्तीत ठेचा खाऊन वाढलेली, पाणी मागायचे. ती हसायची. "इंडियन!" म्हणायची. "यू पीपल टॉक बिग."

म्हणजे बघा, इतकी वर्षं सगळं खाल्लं, पण करताना एकदाही बघितलं नाही.

सगळ्यात मोठं म्हणजे एक जानेवारीचं सूप. लाल भोपळ्याचं. त्यात बीफ, कोबी, गाजर, बटाटा, वरून मॅकरोनी, आणि एक अख्खी मिरची तरंगत असायची, ती फुटू द्यायची नाही. पहिल्या वर्षी तिने वाडगा समोर ठेवला आणि सांगितलं की त्यांचे पूर्वज गुलाम होते, तेव्हा हे सूप रांधायचे ते, पण प्यायचे मालक. त्यांनी चाखायचंही नाही. ज्या एक जानेवारीला ते स्वतंत्र झाले त्या दिवशी सगळ्यांनी हेच प्यायलं, आणि तेव्हापासून दर वर्षी पितात. मी चमचा खाली ठेवला. एक जानेवारीला आमची अख्खी वस्ती टेम्पोत बसून भीमा कोरेगावला स्तंभाला मानवंदना द्यायला जायची. आणि तळ्याचं पाणी प्यायला बंदी होती ते आमच्या लोकांनी एक दिवस ओंजळीने कसं प्यायलं, हे मी तिला माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. "वॉटर?" म्हणाली. "दे स्टॉप्ड यू वॉटर?" मग माझ्या वाडग्यात आणखी एक पळी ओतली.

स्ट्रोकनंतर तिचं इंग्लिश गेलं. अर्धं अंग गेलं, ते सगळ्यांना दिसत होतं. पण इंग्लिश गेलंय हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले. ती आपली तिच्या भाषेत बोलायची आणि नर्सिंग होमच्या लोकांना वाटायचं, नुसती बडबडतेय. हैतीत फ्रेंचही चालतं म्हणून कुणीतरी फोनवर फ्रेंच लावून बघितलं. तिने तोंड फिरवलं. फ्लॅट कौन्सिलने परत घेतला. सामान काढायला आलेल्या माणसांनी फ्रीझरमधले आइस्क्रीमचे डबे काळ्या पिशवीत टाकले. त्यात तिचं हिरवं वाटण होतं, सगळ्या जेवणात पडायचं ते. मी कामावर होते. मी एजवेअरला एका मराठी कुटुंबाच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे माळ्यावर, खोली घेतली, कारण तिथून नर्सिंग होम जवळ पडतं.

आणि मग तिने खाणं सोडलं. तिला घास नीट गिळता येत नव्हता, म्हणून सगळं घोटून यायचं. प्लेटमध्ये एक नारंगी ढीग, एक हिरवा ढीग, एक तपकिरी ढीग. ती ओठ मिटून घ्यायची. नर्स केरळची होती, स्वभावाने फार चांगली. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची मीटिंग आहे. असंच राहिलं तर जबरदस्ती करणार नाहीत, नळी घालणार नाहीत, फक्त त्रास होऊ नये एवढं बघतील. "समजतंय ना सिस्टर?" समजत होतं. मॉन्ट्रियलला तिचा एक भाचा आहे, त्याने फोनवर सांगितलं होतं की तुम्हाला योग्य वाटेल ते करा. माझं मत विचारायचा प्रश्नच नव्हता. मी तिची कोण? पण ती खायला लागली तर मीटिंगमध्ये बोलण्यासारखं काही उरणार नाही, असं मी डोक्यात पक्कं केलं. एवढं मोठं शहर. जगातलं सगळं मिळतं म्हणतात. हैतीचं एक हॉटेल नसेल?

घरमालकांची मुलगी इथेच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत शिकते. मी तिला म्हटलं, जरा फोनवर बघ ना. ती जिन्यात बसून बघायला लागली.

"ताई, मी सगळा गूगल केली. हैतीयन रेस्टॉरंट लंडनमध्ये नाही आहे."

"एकही नाही?"

"वन होता. पॉप-अप, टेम्पररी. बट तो क्लोज झाली." स्क्रीन माझ्यासमोर धरली. लाल अक्षरं. "हे एक मायामीला आहे. हे पण मायामी. पॅरिसला खूप आहेत. युरोस्टार ट्रेनने जा ना, टू अवर्स!"

"माझा व्हिसा चालत नाही गं तिकडे."

"ओह. सॉरी ताई. येस. फरगॉट." मग जरा विचार करून म्हणाली, "कॅरिबियन चालेल का? सेमच असेल ना? लाइक, गुजराती आणि मराठी?"

ते सेम नसतं हे तिलाही माहीत होतं आणि मलाही, पण मी निघाले. सुटीच्या दिवशी हार्लसडनला गेले. दारात उभं राहून आधी मनात वाक्य जुळवलं, मग आत शिरले. काउंटरमागे एक मोठा, दाढीवाला जमेकन माणूस. मी विचारलं, हैतीचं काही मिळतं का. तो कोंबडी तोडायचं थांबला.

"हैती? डार्लिंग, हैती माझी शेजारीण आहे. शेजारणीचं जेवण मी माझ्या दुकानात विकू?"

मागे रांगेतले लोक हसले. मी सॉरी म्हटलं, थँक्यू म्हटलं, वळले. त्याने हाक मारली. "कोणासाठी पाहिजे?" मी सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "भोपळ्याचं सूप आहे, आमचं. घेऊन जा, मम्माला दे." आणि एवढा मोठा डबा भरला. मी म्हटलं, प्लीज, तिखट नको. आजारी आहे. तो माझ्याकडे बघत राहिला, मग खांदे उडवले आणि वेगळ्या भांड्यातून दिलं.

आमच्याकडे माणूस आजारी पडलं की पहिलं तिखट बंद. मग तेल बंद, मग आंबट. पथ्य पाळायचं, आणि पाळून घेणारा तो आपला माणूस. मला टायफॉइड झाला तेव्हा माझी आई स्वतःही महिनाभर फोडणीशिवाय जेवली. तर घरी येऊन मी त्या सूपमधल्या मसाल्याच्या काड्या निवडून काढल्या, वरचा तवंग टिपून घेतला, थोडं पाणी घालून उकळलं, मिक्सरमधून फिरवलं. नर्सने चमचा उभा करून बघितला, ठसका लागू नये म्हणून दाट करायची पावडर मिसळली, ठीक आहे म्हणाली. आंटीने ओठ मिटले. मी चमचा ओठाला टेकवला. तिने मान वळवली आणि खिडकीकडे बघत राहिली.

तो अख्खा आठवडा असाच गेला. काम सुटलं की कुठेतरी जायचं. ब्रिक्स्टनला एका बाईने सांगितलं, त्रिनिदादचं आहे, हैतीचं नाही, हनी, इथे कुणी हैतीचे राहतच नाहीत, ते सगळे पॅरिसला. पेकमला एका दुकानाच्या पाटीवर हैतीचा झेंडा दिसला म्हणून मी धावत रस्ता ओलांडला. आत केसांचे विग होते. एका फ्रेंच हॉटेलच्या दारातूनच परत फिरले, आतली माणसं बघून आत शिरायची हिंमत झाली नाही. सेव्हन सिस्टर्सच्या मार्केटमध्ये कोलंबियाचं मिळालं, केळ्याचं मिळालं, डुकराचं मिळालं. प्रत्येक ठिकाणी तेच, प्लीज, तिखट नको, मीठ कमी. घरी येऊन धुवायचं, गाळायचं, फिरवायचं. लॉफ्टमध्ये माझ्या टेबलावर रिकामे डबे साठायला लागले. आंटी काहीच घेईना. एकदा चमचा आत गेला तर तिने तो घास तसाच बाहेर सोडला. तोंड वाकडं केलं नाही, काही नाही. मी टिश्यूने हनुवटी पुसली. त्या दिवशी मात्र मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

टॉटनहॅमला, आमच्या जुन्या फ्लॅटपासून दोन रस्ते सोडून, एक काँगोचं हॉटेल आहे. मालकीण फ्रेंच बोलते, म्हणून गेले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "रेल्वे ब्रिजखाली टायरवाला आहे. तो हैतीचा. त्याला विचार. पण तो फार बोलतो हं."

टायरवाला गाडीखाली होता. नुसते बूट दिसत होते. मी बुटांना विचारलं, हैतीचं जेवण कुठे मिळेल?

"कुठेच नाही!" गाडीखालून आवाज आला. मग तो घसरत बाहेर आला आणि माझ्याकडे बघून बसलाच. "तू इंडियन. तुला कशाला पाहिजे?"

"एक जण आजारी आहे. हैतीच्याच आहेत."

"लंडनमध्ये हैतीचं हॉटेल नाही. मी वीस वर्षं शोधतोय. माझी बायको पोलिश आहे. ती बीटरूटचं सूप करते, मी पितो. काय करणार?" त्याने हात पुसले. "एक बाई होती. घरून करायची, शनिवारी. आम्ही सगळे तिथूनच न्यायचो. क्रॉयडनहून लोक यायचे, एक जण तर नॉटिंगहॅमहून यायचा. इथेच होती, त्या टॉवरमध्ये, चौथ्या मजल्यावर. आता दार उघडत नाही. कुणी दुसरंच राहतं."

आमचाच टॉवर. चौथा मजला, लिफ्टसमोरचं दार. शनिवारी माझी शिफ्ट असायची. त्या एका दिवशी परत आले की सिंकमध्ये मोठी पातेली भिजत असायची आणि मला वाटायचं, चर्चसाठी केलं असेल. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नसावं.

"तीच आजारी आहे," मी म्हटलं.

त्याने टोपी काढली. खरंच काढली. मग जवळच्या टायरवर बसला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, माझ्याशी नव्हे. मी त्याला सांगितलं की ती खात नाही, मी काय काय नेलं, कसं धुतलं, कसं गाळलं.

"थांब. मिरची काढलीस?"

"आजारी माणसाला तिखट—"

"हैतीच्या बाईला? मिरची काढून? लिंबू काढून?" तो हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माय गॉड. मी पण नसतं खाल्लं! तू तिला हॉस्पिटलचंच जेवण दिलंस, वेगळ्या डब्यात!"

मला राग आला नाही. उलट, लिहायला विचित्र वाटतं, त्या आठवड्यात पहिल्यांदा श्वास नीट आत गेला. म्हणजे ती जेवणाला नाही म्हणत नव्हती. ती माझ्या पथ्याला नाही म्हणत होती. चूक सापडली की सुधारता येते.

मी त्याला म्हटलं, तुम्हाला येतं का करायला? त्याला येत नव्हतं. त्याच्या ओळखीत कुणाला येतं? त्याने तिथेच उभं राहून क्रॉयडनला फोन लावला, नॉटिंगहॅमला लावला. मग खिशात फोन ठेवला. "सगळे खाणारेच," म्हणाला. "करणारं कुणी नाही."

मग त्याला काहीतरी आठवलं. दुकानाला कुलूप लावलं आणि मला गाडीत घालून घरी नेलं. त्याच्या बायकोने फ्रीझरचा अख्खा ड्रॉवर बाहेर काढला. मटारच्या पिशव्यांखाली एक डबा होता, वर बर्फ जमलेला. एक जानेवारीचं सूप. तिच्या हातचं. शेवटचं. तो म्हणाला, "मी ठेवलं होतं. वाईट दिवसासाठी." डबा त्याने माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. "मिरची काढू नकोस."

"नाही काढणार."

मीटिंगच्या आदल्या दुपारी मी तो डबा नेला. नर्सने तारीख विचारली, घरचं गोठवलेलं आहे म्हटल्यावर तिचा चेहरा अवघडला, पण तिने माझ्याकडे बघितलं आणि किचनमध्ये स्वतः जाऊन ते उकळी येईपर्यंत गरम केलं, फिरवलं, दाट केलं. खोलीत वाडगा आला आणि वास सगळीकडे पसरला. लवंग, लिंबू, ती मिरची. नर्सला शिंक आली. आंटीने डोळे उघडले.

मी खुर्ची जवळ ओढली. चमचा नेला. तिने तोंड उघडलं. स्वतः उघडलं. घास आत गेला, जिभेवर राहिला, गळा हलला. नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आंटी माझ्याकडे बघत होती आणि तिला कळलं होतं, यात मला अजून शंका नाही. आपल्या हातची चव माणसाला कळते.

दुसरा चमचा नेला. तिने ओठ मिटले.

मी थांबले. पुन्हा नेला. तिने चांगला हात वर केला आणि वाडगा माझ्या बाजूला सरकवला. जोर नव्हता हातात, जेमतेम इंचभर सरकला. नको म्हणून ढकलला की घे म्हणून पुढे केला, मी कितीदा ते मनात फिरवून बघितलं, मला सांगता येत नाही. मग तिने डोळे मिटले. तेवढाच एक चमचा. पथ्य नव्हतं, मिरची होती, चव बरोबर होती, तरी नको होतं. मग तिला खायचंच नव्हतं. किती दिवसांपासून नको होतं, देव जाणे, आणि मी ओठाला चमचे टेकवत होते.

ते सूप परत गोठवता येत नव्हतं आणि ठेवायलाही परवानगी नव्हती. मी कॉरिडॉरमधल्या कॉफीच्या मशीनशेजारी उभं राहून सगळं खाल्लं. घोटलेलं, पिठूळ, तरी घशाला जाळत गेलं. टायरवाल्याचा फोन आला.

"प्यायली?"

"एक चमचा."

"एकच?" मागे पंपाचा आवाज येत होता. "उरलेलं टाकलं नाहीस ना?"

"मी खाल्लं."

"बरं केलंस," म्हणाला. "टाकायचं नव्हतं." आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. मला दाराजवळच्या खुर्चीवर बसू दिलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, बसू द्यायलाच पाहिजे होतं असं काही नाही. टेबलावर फोन होता, त्यातून भाचा बोलत होता आणि मध्येच आवाज तुटत होता. डॉक्टर तरुण होती, हळू बोलत होती. तिने सगळं समजावलं. औषधं कोणती चालू राहतील, तोंड ओलं कसं ठेवायचं, दुखलं तर काय. मग कागदावरून नजर उचलून तिने मला विचारलं, "तुम्ही तिला सगळ्यांत जास्त ओळखता. तिला आवडेल असं काही राहिलंय का, जे आपण दिलं नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. 

मी नाही म्हटलं.